विलगीकरण झाले, बहिष्कार का झाला?

डोंबिवलीत वेळ विचारायची तर घड्याळाकडे कोणी बघत नाही. फास्ट गेली का, स्लो आली का, एवढ्यावर इथले दूधवाले, पोळीभाजी केंद्रे, शाळेच्या रिक्षा आणि भाजीवाल्या मावश्या चालतात. अशा या गावाची लोकल २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री थांबली. पुढे १५ जूनला ती पुन्हा धावली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. मधले चौऱ्याऐंशी दिवस डोंबिवली स्टेशनात लोकलचा प्रवासी म्हणून कोणी चढला नाही, कोणी उतरला नाही. रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना गाडीच्या आवाजाने झोप लागते. त्या दिवसांत शांततेने आमची झोप उडाली.

त्याच आठवड्यात, २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ज्या शहराने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि जिथून ती महाराष्ट्रभर गेली, त्या शहराच्या फडके रोडवर त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. असे काही बघायला मिळेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या दिवसांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. घरात बसून कोणी केक केले, कोणी पेटी शिकले, कोणी बाल्कनीतून थाळ्या वाजवल्या, कोणी ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवले, हे सगळे छापून आले. ज्यांना बाल्कनी होती त्यांच्या एकांताचे कौतुक झाले. आम्हाला लिहायचे आहे ते बाल्कनी नसलेल्यांबद्दल. आणि लिहायचे आहे ते स्वतःबद्दलही. कारण या गोष्टीत आमची बाजू स्वच्छ नाही, आणि ती तशी नाही हे सांगितल्याशिवाय इतरांना चार शब्द ऐकवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पहिला प्रश्न असा, की घरी बसले कोण आणि बाहेर पडले कोण? 'घरी राहा, सुरक्षित राहा' असे जे सांगितले जात होते ते ऐकायची ज्यांची ऐपत होती ते घरी बसले. पण कचरा रोज पडत होता, तो कोणीतरी उचलायचा होता. रुग्णालयात माणूस दाखल होत होता, त्याची चादर कोणीतरी बदलायची होती, त्याचे भांडे कोणीतरी उचलायचे होते. बस कोणीतरी चालवायची होती. मुंबईची ही सगळी कामे करणारा माणूस मुंबईत राहतो असे ज्यांना वाटते त्यांनी पहाटे चार वाजता कल्याण, डोंबिवली, दिवा या स्टेशनांवर उभे राहून बघावे. मुंबई ज्यांच्या हाताने चालते त्यांना मुंबईत घर परवडत नाही. ते आमच्याकडे, पत्र्याच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. लोकल बंद झाल्यावर हीच माणसे बेस्टच्या आणि एसटीच्या गाड्यांसाठी रांगेत तासन् तास ताटकळली. कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी अंगावर घेत, उभ्याने प्रवास करत कामावर पोहोचली. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या गेल्या. टाळ्यांचा आवाज बसच्या रांगेपर्यंत कधी आला नाही, हा भाग वेगळा!

मग आला मे महिना. मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांमुळे इकडे साथ वाढते, असा हिशेब कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांडला. आणि ८ मेपासून या कर्मचाऱ्यांनी रोज ये-जा करू नये, मुंबईतच राहण्याची सोय बघावी, असा आदेश काढला. चहूबाजूंनी ओरड झाली तेव्हा तो आदेश मागे घ्यावा लागला. पण दोन-तीन दिवस का होईना, आपल्या गावाने आपल्याच माणसांना 'कामाला जा, पण घरी येऊ नका' असे सांगितले होते. योगायोग असा, की ज्या ८ मेची मुदत दिली होती त्याच दिवशी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. तेही घरीच निघाले होते. घर नावाची गोष्ट त्या काळात किती जणांना नाकारली गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता शब्दाकडे येऊ. त्या काळात उठता-बसता एक शब्द आमच्या कानावर आदळत होता. 'सामाजिक अंतर ठेवा.' दुकानाच्या पाटीवर, रेशनच्या रांगेत, पोलिसांच्या गाडीच्या भोंग्यावर, सगळीकडे सामाजिक अंतर! जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच हा शब्द सोडून 'शारीरिक अंतर' असे म्हणायला सुरुवात केली. शरीराने लांब राहा, पण एकमेकांशी नाते तोडू नका, असे त्यांना सांगायचे होते. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द चालू राहिला. का राहिला असेल? आम्हाला असे वाटते, की या देशाला तो शब्द शिकवावा लागलाच नाही. अंतर कसे ठेवायचे, पाणी वरून कसे ओतायचे, वस्तू हातात न देता खाली कशी ठेवायची, कोणाला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, याचा सराव इथे पिढ्यान् पिढ्यांचा आहे. विषाणू नवा होता, सवय जुनी होती. मार्च २०२० मध्ये घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागे शिक्का मारायला राज्यात सुरुवात झाली. शाई काही दिवसांनी पुसली जाते. पण शिक्का दिसल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जे येते ते पुसायला कुठले रसायन आहे?

येथवर वाचून आमचे वाचक मान डोलावतील. 'अगदी बरोबर लिहिले' म्हणतील. थांबा. आता आमच्या चाळीची गोष्ट ऐका.

आमच्या चाळीत चौदा खोल्या. दोन नळ, चार सामाईक संडास. पाणी सकाळी दीड तास. चौदापैकी नऊ घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, म्हणजे शिकवण कोणाला माहीत नाही असे नाही. आमच्या शेजारी एक ताई राहतात. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या आया म्हणून काम करतात. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा त्या वर्षी दहावीला होता. त्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता तो पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला, हे महाराष्ट्रातल्या त्या वर्षीच्या प्रत्येक दहावीच्या मुलाला आठवत असेल. ताई पहाटे निघायच्या, रात्री यायच्या. आल्या की दाराबाहेरच बादलीत कपडे भिजवायच्या, आंघोळ करायच्या, मग आत जायच्या. जी काळजी घ्यायची ती त्या आमच्यापेक्षा जास्त घेत होत्या. ते त्यांचे काम होते.

एप्रिलच्या मध्याला चाळीत कुजबुज सुरू झाली. 'ताईच्या वॉर्डात कोरोनाचे पेशंट आहेत.' 'ती नळाला हात लावते.' 'पोरं आहेत आपल्या घरात.' एका संध्याकाळी ओट्यावर बैठक झाली. तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब बसून. ताई कामावर होत्या. ठरले असे, की ताईंनी सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर शेवटी पाणी भरावे. कोपऱ्यातला चौथा संडासच वापरावा. आणि जमल्यास काही महिने रुग्णालयातच राहावे. हे तोंडी सांगायला कोणाची जीभ रेटेना. म्हणून लिहून लावायचे ठरले. चाळीत लिहिता येणारा माणूस म्हणून कागद आमच्याकडे आला. आम्ही घरात गेलो, हाताला लागला तो कागद घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात तीन कलमे लिहिली आणि नळाशेजारी चिकटवला. मागच्या बाजूला काय छापले आहे ते आम्ही बघितलेही नाही. ते २०१९ च्या जयंतीचे पत्रक होते.

ताई रात्री आल्या. त्यांनी कागद वाचला. आम्ही दारात उभे होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, अक्षर तुमचंच दिसतंय. शेवटचं पाणी, वेगळा संडास. गळ्यात मडकं कधी बांधायचं तेवढं लिहायचं राहिलं का?"

एवढे बोलून त्या आत गेल्या. आम्हीही आत गेलो आणि दार लावून घेतले. आमच्या आयुष्यात आम्ही अनेक सभांना गेलो आहोत, अनेकांची भाषणे ऐकली आहेत. त्या एका वाक्याइतके आम्हाला काहीही लागलेले नाही. पण लागूनही आम्ही कागद काढला नाही, हेही लिहिले पाहिजे. भीती अशी असते. ती माणसाला वाईट करत नाही, फक्त त्याला गप्प बसवते. बाकीचे काम आपोआप होते. पुढचे पाच दिवस ताईंच्या मुलाशी चाळीतले एकही पोर बोलले नाही. दुकानदाराने त्याला लांबूनच पिशवी फेकली. सकाळी सगळ्यांचे भरून झाल्यावर तो एकटा नळावर यायचा तोवर धार करंगळीएवढी झालेली असायची.

सहाव्या रात्री पलीकडच्या खोलीतल्या रिक्षावाल्या दादाच्या वडिलांना धाप लागली. रात्रीचे दोन वाजले होते. दादाला काही सुचेना. चाळ जागी झाली. सगळे आपापल्या दारात उभे, पुढे कोणी येईना. मग दादा कोणाच्या दाराशी गेला असेल? ताईंच्याच! दार लगेच उघडले. ताईंनी तोंडाला मास्क लावला, म्हाताऱ्या बाबांना पालथे झोपवले, पाठीखालची उशी काढली, १०८ ला फोन लावला, कोणते कागद घ्यायचे, बरोबर कोणी जायचे, अंगावर काय घालायचे, सगळे सांगितले. गाडी यायला वेळ लागला तोवर त्या तिथेच बसून होत्या. बाबा वाचले. ताई घरी आल्या, दाराबाहेर बादलीत कपडे भिजवले आणि पहाटेच्या बसला निघून गेल्या.

सकाळी आम्ही तो कागद फाडला. माफी मागायला मात्र आणखी आठवडा लागला. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला भीती वाटली त्याचा राग नाही. मलाबी वाटते. पण मला बोलवून बसवलं असतं, तर मीच सांगितलं असतं काय काय करायचं ते."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. साथीच्या रोगात माणसाला वेगळे ठेवावे लागते, यात वाद नाही. ताईंच्या कामात धोका होता, त्यामुळे काळजी घेणे गरजेचे होते, यातही वाद नाही. मग आमचे चुकले काय? विलगीकरण आणि बहिष्कार यांत फरक आहे, तो आम्हाला कळला नाही. विलगीकरणाला मुदत असते, बहिष्काराला नसते. विलगीकरणात कारण तोंडावर सांगितले जाते, बहिष्कारात पाठीमागे कुजबुज असते. विलगीकरणाचा नियम सगळ्यांना सारखा असतो, बहिष्काराचा एकालाच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याला वेगळे ठेवले त्याच्या पाण्याची, जेवणाची, औषधाची जबाबदारी बाकीच्यांनी घ्यायची असते. ती घेतली तर ते विलगीकरण. नाही घेतली तर त्याला दुसरे नाव आहे, आणि ते नाव आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

बहिष्काराने रोग थांबतो का? उलट तो वाढतो. हा अनुभव महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुण्यात पसरला. १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला. प्लेगच्या काळात घरांच्या झडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. आमच्या चाळीतही त्या पाच दिवसांत दोन घरांत ताप होता आणि दोघांनीही तो लपवला, हे आम्हाला नंतर कळले. ताईंचे काय झाले ते त्यांनी बघितले होते ना! जिथे आजारी पडणे हा गुन्हा ठरतो तिथे आजार दाराआड वाढतो.

त्याच प्लेगमध्ये दुसरा एक रस्ताही दिसला होता. सावित्रीमाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी मूल माईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. माईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला गावाबाहेर ठेवावे लागले तरी त्याच्याजवळ माणूस असला पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यांनी प्राण देऊन सांगितली. आम्ही त्यांची जयंती करतो, पुण्यतिथी करतो, आणि वेळ आली तेव्हा नळाशेजारी कागद चिकटवतो! याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

पुढे चाळीने काय केले तेही सांगितले पाहिजे, कारण नुसती कबुली देऊन पोट भरत नाही. पुन्हा ओट्यावर बैठक झाली. या वेळी ताई मध्यभागी होत्या आणि त्या सांगतील तसे ठरत गेले. नळाला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने साबणाच्या पाण्याने तोटी पुसायची. दर दहा मिनिटाला दोन घरे, असे पाण्याचे वेळापत्रक. संडासात जाताना मास्क, आल्यावर बादलीभर पाणी, आणि एखाद्या घरात ताप आला तर त्या घरासाठी एक संडास चौदा दिवस राखून. ज्यांच्या खोलीला पोटमाळा आहे त्यांनी आजारी माणसाला वर ठेवायचे. ज्यांना नाही त्यांच्या घरातली पोरे तेवढे दिवस शेजारी झोपतील. आजारी घराच्या दाराशी दोन्ही वेळचा डबा, रोज एका घराने. आणि फोन. सकाळी एकदा, रात्री एकदा, प्रत्येक घराने आजारी घराला फोन करायचा. फोन लावला की आधी ती सरकारी धून वाजायची, लढायचे आहे ते आजाराशी, आजाऱ्याशी नाही, असे सांगणारी. पहिल्या महिन्यात ती धून ऐकून आम्ही वैतागत होतो. नंतर तिचा अर्थ कळला.

हात धुवा, हात धुवा, असे जग सांगत होते. वीस सेकंद हात धुवायला पाणी लागते. दीड तासाच्या धारेत चौदा घरांनी प्यायचे भरायचे, कपडे धुवायचे आणि दिवसातून दहादा हातही धुवायचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली. त्याला त्र्याण्णव वर्षे पूर्ण झाली आणि दोनच दिवसांनी जनता कर्फ्यू लागला. पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क, हे त्र्याण्णव वर्षांनीही पुरते खरे झालेले नव्हते. ते त्या मार्चमध्ये आम्ही पिंपात उरलेल्या पाण्याकडे बघून समजलो.

स्वतंत्र खोलीत राहा, स्वतंत्र स्वच्छतागृह वापरा, असा वैद्यकीय सल्ला होता. तो बरोबरच होता. पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमचे घर नव्हते. मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून कामगारांसाठी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले. म्हणजे त्या काळच्या परक्या सरकारलासुद्धा साथ बघून एवढे कळले, की रोग घराच्या दाटीतून येतो, म्हणून घराचा प्रश्न हाती घेतला पाहिजे. कोरोनाने आपल्याला काय शिकवले? साथ संपल्यावर डोंबिवलीत टॉवर पुष्कळ उभे राहिले. पण दहा बाय दहाची खोली अजून दहा बाय दहाचीच आहे.

एक प्रसंग आठवतो. आमच्या चाळीतल्या एका काकांना लागण झाली तेव्हा त्यांना भिवंडी बायपासवरच्या टाटा आमंत्राच्या उंच इमारतीत ठेवले. महापालिकेचे केंद्र तिथे होते. काका बरे होऊन आले. आम्ही विचारले, कसे होते? काका म्हणाले, "सगळं चांगलं होतं. जन्मात पहिल्यांदा मला एकट्याला खोली मिळाली. पण दोन रात्री झोपच नाही आली. कोणी खोकत नाही, कोणी घोरत नाही. मला वाटलं, मी मेलो की काय." आम्ही हसलो, काकाही हसले. पण त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. साठ वर्षांच्या कष्टकरी माणसाला स्वतःची खोली मिळायला जगभर साथ यावी लागली!

दिवस कसे गेले? रेशनच्या तांदळावर गेले. पाच रुपयांच्या शिवभोजन थाळीवर गेले. घरकाम करणाऱ्या बायकांना सोसायट्यांची फाटके बंद झाली, रिक्षा उभ्या राहिल्या, नाका ओस पडला. जुलैमध्ये राज्यात सैल सुटायला लागले तेव्हा कल्याण-डोंबिवलीत पुन्हा २ ते १९ तारखेपर्यंत टाळेबंदी लागली. जूनपासून शाळा मोबाईलवर आली. तीन पोरे, एक मोबाईल, आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार. परळच्या एका खोलीत वडिलांनी रात्री दोन वाजता उठवल्यावर भीमराव अभ्यासाला बसत, ही गोष्ट आम्ही पोरांना नेहमी सांगतो. पण ती गोष्ट कौतुकाची आहे तशी लाजेचीही आहे, हे त्या वर्षी समजले. शंभर वर्षांनंतरही आमच्या पोराला अभ्यासासाठी घर झोपायची वाट का बघावी लागावी? ताईंच्या मुलाने मग अकरावीच्या प्रवेशाची वाट बघत असताना ओट्यावर लहान पोरांना शिकवायला सुरुवात केली. दोन-दोन पोरे, आळीपाळीने. ज्या पोराशी चाळ पाच दिवस बोलली नव्हती, त्याच्याकडे चाळीची पोरे पाटी घेऊन बसली.

१४ एप्रिल घरातच गेली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरात मेणबत्ती लावली. प्रार्थनास्थळे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, तोवर विहाराला कुलूप होते. या सगळ्यापेक्षा जास्त लागले ते मरण. अंत्यविधीला वीसच माणसे. कोरोनाने गेलेल्याचे तोंडही दिसत नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा खाटेसाठी, प्राणवायूसाठी माणसे रात्रभर फोन लावत बसली. पहिल्या लाटेत वाचलेले रिक्षावाल्या दादाचे वडील दुसऱ्या लाटेत गेले. घरी सांत्वनाला जाता येईना. मग चाळीने फोनवर शोकसभा घेतली. एकेकाने आपापल्या खोलीतून बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. भिंतीपलीकडचा माणूस फोनमध्ये बोलत होता आणि त्याचा खरा आवाज भिंतीतूनही येत होता. म्हातारी आई शेवटी म्हणाली, "सगळे आलात, बरं वाटलं." कोणीही गेले नव्हते. तरी ती चुकीचे बोलली नव्हती.

डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण आमच्याच कल्याण-डोंबिवलीत सापडला. पुन्हा गावाचे नाव वाहिन्यांवर झळकले, पुन्हा कुजबुज सुरू झाली. पण आमच्या चाळीत त्या वेळी बैठक बोलवावी लागली नाही. वेळापत्रक भिंतीवर होतेच.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लोकल पुन्हा तुडुंब भरल्या, मास्क कपाटात गेले, आठवणी मोबाईलमध्ये गेल्या. सगळे पूर्ववत झाले, असे म्हणतात. पण पूर्ववत होते ते चांगले होते का? पुढची साथ येणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपण पुन्हा पाठकोरा कागद शोधणार का?

म्हणून आमचे काही साधे म्हणणे आहे. प्रत्येक वस्तीजवळ, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, आजारी माणसाला वेगळे ठेवता येईल अशी जागा आधीच ठरलेली असावी. समाजमंदिर असो, शाळा असो, विहार असो, कुलूप लावून ठेवण्यापेक्षा त्याचा हा उपयोग मोठा आहे. सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय यांना कामाच्या ठिकाणाजवळ राहायला जागा द्यायची असेल तर ती सन्मानाने, त्यांना विचारून द्यावी. आदेश काढून त्यांचे घर तोडू नये. वस्तीत कोण एकटा राहतो, कोणाला मधुमेह आहे, कोणाचे पोर परगावी आहे, याची यादी मंडळाने वर्गणीच्या यादीइतक्याच काळजीने ठेवावी. आणि 'सामाजिक अंतर' हा शब्द निदान आपण तरी पुन्हा उच्चारू नये.

हे सगळे सरकारला सांगायचे आहे, तसे स्वतःलाही सांगायचे आहे. दुसऱ्याने आपल्याला अंतरावर ठेवले तर आपण पेटून उठतो, उठलेच पाहिजे. पण आपल्याच हाताने आपण कोणाला अंतरावर ठेवतो तेव्हा अक्षर आपले असते. आपल्या वस्तीत त्या वर्षी असा एखादा कागद लागला होता का? तो कोणी लिहिला होता? ज्याच्यासाठी लिहिला होता त्याच्या दाराशी नंतर कोणी गेले का? नसेल गेले, तर अजून उशीर झालेला नाही.

ताई आजही पहाटेच्या गाडीने कामाला जातात. त्यांची पहिली पाळी असली की नळाची पहिली कळशी त्यांची, असा आता चाळीचा नियम आहे. तो अजून कुठे लिहिलेला नाही. कधी लिहायची वेळ आलीच, तर लिहायला बसण्याआधी आम्ही ताईंना विचारणार आहोत.